सुईला हात कोणी लावायचा

अण्णांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त होऊन घरी आला तो रविवार होता. सुटकेससारखा, फिक्या निळ्या रंगाचा, झाकणातच स्पीकर असलेला. दादा बंगळूरला गेला तेव्हा "तुला हवा तर ने, नाहीतर भंगारवाल्याला दे" म्हणाला होता, आणि मी नेला होता. मग तो माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे पडून राहिला. यंदा माळा आवरताना हाताला लागला आणि का कोण जाणे, बुधवार पेठेत नेऊन टाकला. परत आल्यावर टीपॉयवर मांडला, वायर लावली, माणिक वर्मांची ईपी, म्हणजे छोटी तबकडी, पुसून वर ठेवली आणि आईला हाक मारली. ती पोळ्या अर्ध्यावर टाकून पदराला हात पुसत आली. तबकडी फिरत होती. "लाव तू," मी म्हटलं. ती वाकली, चष्मा वर सरकवून नीट पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको गं बाई. सुई मोडली तर?" मोडली तर मोडली, नवी आणू, असं म्हणून पाहिलं. "नको. तूच लाव. मी ऐकते ना इथून," म्हणत ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी पिन ठेवली. गाणं सुरू झालं. ती तिथेच उभी राहून ऐकत होती, बसायलाही आली नाही.

ही बाई फोनवरून विजेचं बिल भरते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून चेअरमनना निरुत्तर करते. नातवाचा लॅपटॉप अडला तर "बंद करून चालू कर" हा सल्ला आमच्या आधी देते. आणि एका जुन्या यंत्राची चिमूटभर पिन तिला उचलवली नाही. गाणं ऐकण्यात माझं लक्षच लागलं नाही त्या दिवशी.

सदाशिव पेठेत आमच्या दोन खोल्या माडीवर होत्या. वाड्यात राहिलेल्या माणसाला माडी म्हणजे काय ते सांगायला नको. कोणी जरा जोरात चाललं की फडताळातली भांडी किणकिणायची. रेकॉर्ड प्लेअर बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या ट्रंकेवर. खोलीत कोणी धप्प करून पाय टाकला तर पिन उडायची आणि गाणं दोन ओळी पुढे जाऊन पडायचं, किंवा मागे. त्यामुळे रविवारी सकाळी अण्णांची अंघोळ झाली, त्यांनी रेकॉर्ड खोक्यातून काढली, मलमलच्या फडक्याने आतून बाहेर न पुसता गोल पुसली, की घराला जणू संचारबंदी लागायची. आम्ही पोरं भिंतीला टेकून. आई आत. तिने तेव्हा मिक्सर लावायचा नाही, कारण मिक्सर लावला की स्पीकरमधून खर्रर्र यायचं. खलबत्ता तर नाहीच नाही. पाण्याची कळशी उचलून आणायची असेल तर बाजू संपेपर्यंत थांबायचं. ईपीची बाजू सात-आठ मिनिटांत संपायची, पण मोठी तबकडी, एलपी, असली तर वीस मिनिटं, आणि रविवारी घरात जेवायला आत्या आणि तिची मंडळी ठरलेली. म्हणजे ती वीस मिनिटं आईच्या स्वयंपाकातून वजा. ती काय करायची तेवढ्या वेळात? शेंगा निवडायची, लसूण सोलायची. आवाज न करणारी कामं तिने रविवारसाठी मागे ठेवलेली असायची, हे मला फार उशिरा, स्वतःचा संसार सुरू झाल्यावर, लक्षात आलं.

पिन ठेवायचा अधिकार अण्णांचा. दादाच्या मुंजीनंतर तो त्याला मिळाला, अण्णांच्या देखरेखीखाली. मला कधीच नाही. "तुझा हात हलतो" हे कारण. माझा हात हलत नव्हता. शाळेत रांगोळीच्या स्पर्धेत ठिपके मी काढायचे. पण त्या यंत्राभोवती एक असं वलय होतं की वाद घालावासाही वाटला नाही. अण्णा वाईट नव्हते, हेही लिहायला हवं. खडकीच्या फॅक्टरीतली नोकरी, आणि एलपी ही दिवाळीच्या बोनसातून घ्यायची वस्तू. एकदा चरा पडला की पडला. पिन घासली गेली तर ती पुढची प्रत्येक रेकॉर्ड घासत नेणार. जपणं भागच होतं. फक्त जपण्याच्या नावाखाली घरातली माणसं दोन गटांत वाटली गेली होती: वाजवणारी आणि ऐकणारी. आई तर नीटशी ऐकणाऱ्यांतही नव्हती. तिच्या कानावर गाणं पडायचं, एवढंच.

आणि गंमत अशी की त्या ट्रंकेतल्या तबकड्यांवर निम्म्याहून अधिक आवाज बायकांचे होते.

हिराबाई बडोदेकर, माणिक वर्मा, ज्योत्स्ना भोळे, लता, आशा. अण्णांच्या काकांकडून आलेल्या लाखेच्या जड, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत तर बायकाच बायका, त्यातल्या काहींची नावंही आता लेबलावरून पुसली गेलीत. हा योगायोग नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा धंदा सुरू झाला तोच बाईच्या आवाजावर. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजान भोंग्यासमोर उभी राहून गायली आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव ओरडून सांगितलं. मेणाच्या मूळ तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या, तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळावं म्हणून ही तरतूद, असं सांगतात. तेव्हा सभ्य म्हणवणाऱ्या घरात गाणाऱ्या बाईला पाऊल टाकू देत नसत. तबकडीला मात्र उंबरठा अडवत नव्हता. जिला समोर बसवून ऐकणं अब्रूला धरून नव्हतं, तिचा आवाज दिवाणखान्यात कोनाड्यातल्या देवांच्या समोर वाजू लागला. पुढे आपल्या पुण्याच्या हिराबाईंनी तिकीट लावून, व्यासपीठावर बसून, डोक्यावरचा पदर न ढळता जाहीर मैफली केल्या आणि गाणाऱ्या बाईकडे बघायची लोकांची नजरच बदलली. त्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांनी आधी वाट थोडी सपाट करून ठेवली होती, असं मला वाटतं. म्हणजे या यंत्राने बाईचा आवाज घरात आणला, हे खरंच मोठं काम केलं. ज्या घरात आणला त्या घरातल्या बाईचा हात मात्र यंत्रापर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं जायची होती.

आई वाईची. तिच्या माहेरी काकांचा चावीचा ग्रामोफोन होता. चावी द्यायचं काम मुलांचं, त्यात मुलीही आल्या, कारण ते हमालीचं काम. ती सांगते की चावी कमी पडली तर गाणारा मध्येच जडावून, झोपेत बोलल्यासारखा गायचा, आणि काका "अगं फिरव फिरव" म्हणून ओरडायचे. लोखंडी पिना कुत्र्याचं चित्र असलेल्या पत्र्याच्या चपट्या डबीत असायच्या. दर बाजूला पिन बदलायची, म्हणजे नियम तसा होता. काका एकेक पिन चार-पाच वेळा वापरायचे. वापरलेल्या पिना मुलांना मिळायच्या. "पिना आम्हाला मिळायच्या, पण बोथट झालेल्या," असं ती परवा म्हणाली. तिच्या मनात काही खोच नव्हती. मलाच ती लागली.

बुधवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्यांची गोष्ट सांगायलाच हवी. तपकीर गल्लीच्या मागे, जिन्याखालची जागा. सभोवती एलईडीच्या माळा, मोबाईलची कव्हरं, आणि मध्ये हे गृहस्थ वाल्व्हच्या रेडिओंच्या ढिगात सोल्डरिंगच्या धुरात बसलेले. यंत्र उघडून त्यांनी आधी वास घेतला. "ग्रीस वाळलंय, बेल्ट गळलाय." खरंच, रबराचा पट्टा चिकट काळ्या डिंकासारखा थाळीच्या खाली पसरला होता. "मोटर झकास आहे. क्रिस्टल मात्र गेला." म्हणजे पिनेच्या मुळाशी असतो तो स्फटिक. पिन थरथरली की त्यातून वीज निघते आणि तिचा पुढे आवाज होतो. तो स्फटिक एका प्रकारच्या मिठाचाच, त्यामुळे हवेतला ओलावा पितो आणि काही पावसाळ्यांनंतर मरतो. त्यांनी कुठूनतरी सिरॅमिकची कार्ट्रिज, म्हणजे पिन जिच्यात बसते ती डबी, पैदा केली. मी तिथे स्टुलावर बसून होते आणि ते हातातलं काम न थांबवता सांगत होते. एलपीच्या एका बाजूला खाच एकच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. ती सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल, म्हणजे साधारण अप्पा बळवंत चौकातून शनिवारवाड्यापर्यंत. तबकडी फिरते एकाच वेगाने, पण बाहेरच्या वेढ्यात पिनेखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलाजवळ येईपर्यंत वीसेक. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून बाजूच्या शेवटी आवाज चिरकतो. हे ऐकून मला एकदम आमच्या ख्यालाच्या एलपी आठवल्या. आलाप ऐसपैस, बाहेरच्या मोठ्या वेढ्यात. आणि द्रुतातल्या ताना, जिथे सगळ्यात जास्त जागा हवी, त्या नेमक्या आतल्या गल्लीत. अण्णा म्हणायचे, शेवटी शेवटी बुवांचा आवाज फुटतो. बुवांचा काही दोष नव्हता हो!

मग त्यांनी वेगाची कळ फिरवून पाहिली. १६, ३३, ४५, ७८. लहानपणी दादाचा आणि माझा आवडता उद्योग म्हणजे अण्णा नसताना ही कळ नुसती फिरवणं, न वाजवता. १६ कशासाठी हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या वेगाची एकही तबकडी आमच्याकडे नव्हती, ओळखीत कुणाकडे नव्हती. दुरुस्तीवाले म्हणाले, "बोलण्याच्या रेकॉर्डी असायच्या म्हणे त्याच्यावर. मी नाही बघितली." मी त्यांना म्हटलं, एक आहे. फार लांब आहे, पण आहे.

१९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्या दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज भरलेली. ती वाजते मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी. आमची १६ ची कळ तीच. आणि तिच्यावर आपल्याकडचं जे एकमेव गाणं आहे ते केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. ज्या बाईंना रेकॉर्डिंगचं आणि रेडिओचं कधी फार कौतुक वाटलं नाही, ज्यांनी मागे मोजक्याच तबकड्या ठेवल्या, त्यांचा आवाज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला. यानं निघाली ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि केसरबाई त्याच सप्टेंबरात गेल्या. तबकडीसोबत पिन आणि कार्ट्रिजही बांधून दिली आहे, आणि कशी वाजवायची त्याची आकृती वेष्टनावर कोरली आहे. हे सगळं मी घरी येऊन आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिथेही पिन ठेवणारा कोणीतरी लागणारच की."

रेकॉर्ड प्लेअर मोबाईलने मारला, डिजिटलने मारला असं सर्रास म्हणतात. निदान आमच्या घरात तसं झालं नाही. आमच्याकडे त्याला कॅसेटने मारलं. ऐंशीच्या सुमारास मामा मस्कतहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र, घेऊन आला आणि अण्णांनी तो बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांच्या लेखी ते खेळणं होतं. म्हणूनच तो स्वयंपाकघरात गेला, डब्यांच्या फळीवर. कॅसेटला पिन नव्हती. उडी नव्हती. माडी हादरली तरी गाणं ढळत नव्हतं, कांदा चिरत असताना ओल्या हाताने बटण दाबलं तरी चालत होतं, आणि चुकून बिघडलीच तर पेन्सिल घालून फिरवायची. आई त्या फळीखाली उभी राहून पहिल्यांदा स्वतःला हवं ते, हवं तेव्हा ऐकू लागली. कर्वे रोडवरच्या अलूरकरांच्या दुकानातून कॅसेट आणायला ती एकटी जायची. सवाई गंधर्व महोत्सवाच्या वेळी रमणबागेच्या मांडवाबाहेरच्या स्टॉलवर उभी राहून "हे दाखवा, ते दाखवा" म्हणायची. बाहेरच्या खोलीत अण्णांच्या रविवारच्या सकाळी हळूहळू उतरणीला लागल्या. पिना मिळेनात, नव्या रेकॉर्डी येईनात. आतल्या खोलीत मात्र सकाळ-संध्याकाळ गाणं चालू. एका पिढीचं यंत्र मरत होतं तेव्हाच घरातल्या दुसऱ्या खोलीत कोणाला तरी गाणं सापडत होतं. तेव्हा आम्ही या दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या नाहीत.

आता फोन. आई फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करते, आवाज मोठा येतो म्हणून. फोनला तोंडाने सांगते, "हिराबाईंचं भजन लाव," आणि तो लावतो. कधीकधी भलत्याच हिराबाई लावतो. तिला ७८ वरची जुनी ध्वनिमुद्रणं मिळतात, अशा गायिकांची की ज्यांची नावं अण्णांनीही ऐकली नसतील. जुन्या तबकड्या शोधून, जपून, त्यांची नोंद ठेवणारी वेडी माणसं आपल्याकडे आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही त्यांची संस्था १९९० पासून काम करते आहे. अशा कुणीकुणी धूळ झटकून वाजवलेलं गाणं आज पातेल्यात वाजतं. हे सुख लहान नाही. ज्या बाईला वीस मिनिटं लसूण सोलत थांबावं लागायचं तिच्या हातात सगळं भांडार आहे, आणि कोणी "तुझा हात हलतो" म्हणत नाही. म्हणून तबकडीच्या आठवणीने गळा काढणारे लेख वाचले की मला एकच विचारावंसं वाटतं: तुमच्याकडे पिन कोण ठेवायचं?

पण तेवढंच म्हणून थांबले तर तेही खोटंच. कारण एक गाणं संपलं की फोन आपणहून दुसरं लावतो. मग तिसरं. आई म्हणते, "हे कोण ठरवतं गं?" मी काय सांगणार? पूर्वी अण्णा ठरवायचे. निदान ते समोर दिसायचे, त्यांच्याशी अबोला धरता यायचा. आणि आमच्या घरात आता चार माणसं चार कानांत चार गाणी ऐकतात. मुलगा तर पहिली ओळ आवडली नाही की बोटाने ढकलतो. गाणं अर्धा मिनिट वाजलं की ते 'ऐकलं' असं या कंपन्या धरतात, त्यामुळे जो काय जीव असेल तो त्या अर्ध्या मिनिटात दाखवायचा. ७८ च्या तबकडीने ख्याल तीन मिनिटांत बसवायला लावला तेव्हाही जुनी मंडळी हळहळली असतील. तरी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तेवढ्यात मावली, आणि ती दुकानात वाजताना ऐकून गदगचा एक मुलगा गाण्याच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा पुढे पुण्याचा झाला. नाव सांगायची गरज नाही. एखाद्या दुकानासमोर असं खिळून उभं राहायला गाणं रस्त्यावर ऐकू यावं लागतं. आज दुकानदाराच्या कानात बड्स असतात.

रेकॉर्ड परत आलीये म्हणे. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत भिंतभर एलपींची कव्हरं लावलेली पाहिली, आत तबकड्या आहेत का विचारलं तर वेटर गोंधळला. अमेरिकेत २०२२ साली तबकड्या सीडींहून जास्त विकल्या गेल्या. आणि तिकडच्याच एका पाहणीत असं निघालं की त्या विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच वाजवायचं यंत्र आहे. बाकीचे भिंतीवर लावत असतील. जुन्या बाजारात तबकड्यांचे भाव आता ऐकवत नाहीत, आणि इन्स्टाग्रामवर आवाजाच्या 'वॉर्मथ'बद्दल मुलं जे बोलतात ते आमच्या झाकणातल्या स्पीकरला ऐकवलं तर त्याला स्वतःचीच ओळख पटणार नाही. भाचीने फोटो पाहून लगेच मेसेज केला, "आत्या, मला हवाय हा." दादाची मुलगी. मी तिला म्हटलं, ये आणि घेऊन जा, पण आधी महिनाभर इथे येऊन वाजवायला शिक. ती आली. पहिल्याच खेपेला पिन आडवी घसरली, खर्रर्र झालं, आणि ती नुसती हसली. आई दारातून "अगं अगं" करत राहिली.

त्याच संध्याकाळी बोलता बोलता आईने एक गोष्ट सांगितली. नाट्यपदांची एक तबकडी आमच्याकडे होती, कोणाची ते सांगत नाही. अण्णा तिची एकच बाजू लावायचे. दुसरी बाजू कधी वाजलीच नाही. "त्यात काही दम नाही" म्हणून त्यांनी ती एकदाच ऐकून मिटवली होती, आणि नेमकी त्या वेळी आई घरात नव्हती. तेवढी वर्षं तबकडी पुसताना तिने त्या बाजूवरचं पदाचं नाव वाचलं होतं, चाल कशी असेल त्याचा मनाशी अंदाज बांधला होता, अण्णांना विचारलं नव्हतं. ते गेल्यावर पुष्कळ दिवसांनी तिने ते पद फोनवर शोधून ऐकलं. "मग?" भाचीने विचारलं. आई म्हणाली, "थांब, ऐकवतेच." आणि पातेलं पुढे ओढून लावलं. भाची ट्रंकेतून ती तबकडीच शोधून काढायला निघाली होती, तिला आईने हातानेच बस म्हणून सांगितलं.

आम्ही तिघी ऐकत होतो. पद खरंच रटाळ होतं. ऑर्गन पुढे, गाणारा मागे. अर्ध्यावर आईच म्हणाली, "ह्यांचं बरोबर होतं गं. काही दम नाही त्यात."

"मग बंद कर की," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. "संपू दे."